कल्ल्यातल्या कृमीचं इमान

आमच्या सरांच्या मते माशाच्या कल्ल्यात राहणारा कृमी हा साऱ्या प्राणिसृष्टीतला सर्वांत एकनिष्ठ जीव होता. हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकलं. पाहुणे आले की ऐकलं, विद्यार्थी आले की ऐकलं. एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनलाही ते ऐकावं लागलं. बिचारा शिडीवर होता, उतरून पळणार कुठे?

मी मत्स्यसंशोधन केंद्रात तंत्रज्ञ होते. मासा आला की मापायचा, तोलायचा, गालाचं झाकण उचलून सुरीने कल्ले कापायचे, बशीतल्या पाण्यात पसरून मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि बारीक सुईने एकेक कृमी सोडवून काचेच्या स्लाइडवर घ्यायचा. कृमी अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेनाचं टिंबसुद्धा त्याच्यापुढे थोराड. त्याच्या मागच्या टोकाला आकडे असतात. ते रुतवून तो कल्ल्याला धरून बसतो आणि त्याच आकड्यांच्या मापावरून त्याची जात ठरते. मी कापायचे, मी सोडवायचे, मी मोजायचे, आणि ठरवायचे मात्र सर. केंद्रात मला सगळे 'कल्लेबाई' म्हणत. मला त्याचं काही नव्हतं. सोळा मिनिटांत आठही कल्ले साफ करून दाखवणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं, आणि ज्यांना जमत नव्हतं तेच नावं ठेवत.

ज्या माशावर कृमी राहतो त्याला शास्त्राच्या भाषेत यजमान म्हणतात. त्यावरून शेजारणींशी माझे कैक घोटाळे झाले. एकीने जिन्यात विचारलं, "यजमान घरी आहेत का?" मी आपल्या तंद्रीत म्हटलं, "नाही, बर्फात ठेवलेत." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझे खरे यजमान मात्र आठवडाभर येईल त्याला तो किस्सा सांगत होते.

तर सरांची एकनिष्ठा. त्यांच्या खोलीत भिंतभर एक चित्र होतं. डाव्या बाजूला माशांचा वंशवृक्ष, उजव्या बाजूला कृमींचा, आणि दोन्हींच्या टोकांना जोडणाऱ्या आडव्या, सरळ, पट्टीने मारलेल्या रेघा. चौदा मासे, चौदा कृमी, चौदा रेघा. अर्थ असा, की लाखो वर्षांपूर्वी एका माशाचे दोन मासे झाले तेव्हा त्याच्यावरच्या कृमीचेही दोन कृमी झाले आणि प्रत्येकाने आपापला मासा धरला. तेव्हापासून कुणी कुणाचं घर बदललं नाही. जावयाने सधन सासुरवाडी धरून राहावं तसं. सर हे सांगताना डोळे मिटायचे. त्या चित्रावर त्यांना दोन पदकं मिळाली होती आणि परदेशात पाच वेळा भाषण. म्हणून केंद्रात त्यांचं नाव 'वंशावळ' पडलं होतं, अर्थात पाठीमागे.

आता त्या रेघा इतक्या सरळ कशा राहिल्या ते मी सांगते, कारण त्या मीच सरळ ठेवल्या. दर शे-दोनशे माशांत एखादा कृमी असा सापडायचा की तो त्या माशावर असायलाच नको. सुरुवातीला मी धावत जाऊन दाखवला. सर म्हणाले, "बाई, सुरी नीट धुतली नव्हती. आधीच्या माशाचा चिकटून आला." मी सुरी धुतली, दुसऱ्यांदा धुतली, उकळत्या पाण्यातून काढली. पुढचा बेइमान कृमी सापडला तेव्हा सर म्हणाले, "बशी." मग बशी. मग बादली. मग मला कळलं की सुरी, बशी आणि बादली संपली की गुन्हेगार म्हणून मीच उरते. तेव्हापासून असा कृमी दिसला की मी तो बोटाने पुसून टाकायचे आणि वहीत काही लिहायचे नाही. अठरा वर्षं पुसले. दुसऱ्याला मूर्ख म्हणताना हे आधी सांगितलेलं बरं.

सरांच्या हाताखाली साहाय्यक संशोधक म्हणून त्यांचा जावई होता. जावईबापूंना कृमी ओळखता येत नसत, पण सासरे चांगले ओळखता येत. सरांनी वाक्य सुरू केलं की हे शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हणत, प्रार्थनेसारखा. "सर्वांत एकनिष्ठ..." "जीव!" मायक्रोस्कोपचा आरसा कसा फिरवायचा ते त्यांना मी तीनदा शिकवलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "तुम्ही नुसतं बघितल्यासारखं करा, छान दिसतं." ते मनापासून हसले. अपमान कळायलाही थोडी शिदोरी लागते.

त्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला माशांची पिल्लं तयार करून विकणारी एक मोठी हॅचरी उभी राहिली. त्यांनी दुसऱ्या खोऱ्यातला एक मासा आणला. अंगावर काळे पट्टे, वाढ झपाट्याची. सगळे त्याला पट्टेवाला म्हणू लागले. परवानगीसाठी मत्स्यखात्याने विचारलं, याच्याबरोबर याचा कृमी येईल, तो आमच्या माशांना लागेल का? सरांनी आपल्या सहीने अर्ध्या पानाचं पत्र दिलं. पट्टेवाल्याचा कृमी पट्टेवाल्याशी एकनिष्ठ आहे, इतर कोणत्याही माशावर तो तग धरू शकत नाही, सबब निर्धास्त असावे. पत्र टाइप झालं तेव्हा सरांनी ते मोठ्याने वाचलं. जावईबापू म्हणाले, "...असावे."

पत्राला आठ महिने झाले असतील. एका सकाळी केंद्राच्या दारात एक बाई बादली घेऊन उभी राहिली. वय माझ्याएवढंच, पायात रबरी बूट, बाह्या कोपरापर्यंत वर. तिची नदीकाठी सात तळी होती, ती आणि तिचा दीर मिळून बघायचे. बादलीत तिचे चार मासे. ते आमच्याकडचे जुनेच, रुंद तोंडाचे, ज्यांना सगळे रुंदतोंड्या म्हणतात. एक मेलेला होता, तीन मरायला टेकलेले. गालांची झाकणं उघडी टाकून पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होते.

सर बाहेर आले. बादलीत न वाकताच त्यांनी निदान केलं.

"दाटी झालीय तळ्यात. पाणी घाण असेल. मासे कमी करा."

"सात तळ्यांत दाटी सारखीच आहे, साहेब," ती म्हणाली. "चारच तळ्यांत मरतायत."

"मग त्या चारांत घाण जास्त असेल."

"ती चार कालव्यावर आहेत. बाकी तीन विहिरीवर. कालव्यात वरून हॅचरीचं पाणी येतं."

सरांना ही माहिती नको होती हे त्यांच्या भुवयांवरून दिसलं. "बाई, बघून घ्या जरा," एवढं मला म्हणाले आणि आत गेले. जावईबापू बादलीपाशी थांबले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "घाणच आहे," आणि गेले.

मी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं. तिने बसण्याआधी स्टूल आपल्या पदराने पुसलं. मी तिला म्हटलं नाही, पण ते स्टूल पुसायची गरज मलाही रोज वाटायची. मेलेला मासा घेतला, झाकण कापलं. कल्ले लालभडक हवेत, ते फिकट गुलाबी होते आणि त्यांच्यावर शेंबडासारखा थर. बशीत पसरून डोळा लावला आणि मोजायला लागले. रुंदतोंड्यावर एरवी सहा-सात कृमी असतात. हे एका कल्ल्यावर चाळीस होते. आठ कल्ल्यांचे मिळून तीनशे बारा.

"बघायचंय?" मी विचारलं.

ती वाकली. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या. मग म्हणाली, "हे सगळे श्वासाच्या जागेवरच बसलेत की."

"हो."

"मग मासा मरणारच. घाण कसली काढतोय तो बाबा?"

मी तिच्याकडे बघून घेतलं. आमच्या केंद्रात अकरा पदवीधर होते. एकानेही कधी इतक्या कमी शब्दांत इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मी कृमींचे आकडे मापले. निम्म्यांचं माप पट्टेवाल्याच्या कृमीशी मिळत होतं. तरीही मी सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई. तिला एवढंच म्हटलं, "कालव्याचं तोंड आजच बंद करा. याची अंडी पाण्यात पडतात, दोन-तीन दिवसांत पिल्लू निघतं आणि एखाद दिवसात मासा मिळाला नाही तर मरतं. नवं पाणी आलं नाही तर नवी पिल्लं येणार नाहीत. आणि एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात घालू नका."

"हे साहेब का नाही बोलले?"

"साहेब मोठ्या प्रश्नांवर काम करतात," मी म्हटलं. ती फस्सकन हसली.

दुपारी मी सरांकडे गेले, मापांचा कागद ठेवला. त्यांनी तो उलटा करून चहाच्या कपाखाली घेतला.

"सुरी," ते म्हणाले.

"सर, पट्टेवाला मी गेल्या दोन महिन्यांत कापलेलाच नाही. सुरीवर तो येईल कुठून?"

"मग माप चुकलं. बाई, तुमचं वय झालं, चष्म्याचा नंबर तपासा. एक कृमी आपला यजमान सोडून दुसऱ्यावर जातो असं म्हणणं म्हणजे..." ते भिंतीवरच्या चित्राकडे वळले. "...चौदा रेघांना काय उत्तर द्याल?"

रेघांना उत्तर द्यायचं असतं हे मला नवीन होतं. मी कागद कपाखालून ओढून घेतला. चहा त्यांच्या झब्ब्यावर सांडला, त्याबद्दल मी माफी मागितली. ती खरी नव्हती.

मग मी मागच्या शेडमध्ये काचेची एक टाकी मांडली. मध्ये बारीक जाळी, एका बाजूला हॅचरीतून मागवलेले पट्टेवाले, दुसऱ्या बाजूला तळेवालीच्या विहिरीच्या तळ्यातले निरोगी रुंदतोंडे. मासे जाळीपलीकडे जाणार नाहीत, पण पाणी आणि त्यातली पिल्लं जातील. बारा दिवसांनी रुंदतोंड्यांचे कल्ले कापायचे, की दूध का दूध. टाकीवर मी कागद चिकटवला : 'हात लावू नये.' रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचे. सहाव्या दिवशी रुंदतोंड्यातला एक जाळीला अंग घासू लागला, तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच त्या माशापुढे लाजही वाटली.

नवव्या दिवशी सकाळी गेले तर टाकी कोरडी. जाळी धुऊन भिंतीला टेकवलेली. मासे कुठे आहेत, मला दिसेनात.

"शेड स्वच्छ करायची होती," जावईबापू म्हणाले. "समिती येणार आहे ना परवा."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"हात लावू नये. मी पाइप लावला."

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. मी त्या माणसाकडे बघत राहिले. त्याच्यावर ओरडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीला निदान प्लास्टर तरी असतं. मी शेडच्या दारात पाच मिनिटं उभी राहून रडले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच एका बेइमान कृमीला मी न पुसता जपलं होतं, आणि तो पाइपातून गेला.

समिती येणार होती ती तळेवालीच्या तक्रारीवरून. तिने आणि आणखी सहा तळेवाल्यांनी खात्याला अर्ज केला होता की हॅचरीचं पाणी कालव्यात सोडणं थांबवा. खात्याचे दोन अधिकारी यायचे होते, एक जाडजूड आणि घाम पुसणारे, एक तरुण बाई जी सगळं लिहून घ्यायची. हॅचरीचा व्यवस्थापक यायचा होता. आणि तज्ज्ञ म्हणून सर.

आदल्या दिवशी तळेवाली स्वतः एक मासा घेऊन आली. तिचं चौथं तळं त्या सकाळी संपलं होतं.

"तुमच्या टाकीचं काय झालं, ताई?"

मी सांगितलं. ती काही वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, "हा शेवटचा. यातून काही निघेल का बघा."

मी तो मासा कापला. त्याच्यावर अडीचशेच्या वर कृमी होते. काहींचे आकडे लांब, काहींचे आखूड, आणि मधल्या मापाचे ढीगभर. खरं तर हीच गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपत होती. सर ज्यांना दोन जाती म्हणत त्यांच्यामध्ये मला कुठे कुंपण दिसत नसे. पाणी थंड असलं की आकडे लांब होतात, कृमी तरुण असला की आखूड. पण ते माझं मत, आणि माझ्या मताला पदक नव्हतं. त्या दिवशी मी बराच वेळ बसून सहा कृमी निवडले. तीन लांब आकड्यांचे, तीन आखूड. सहा स्लाइड केल्या. त्यांच्या लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. हे लबाडीचं होतं का? होतं थोडं. पण सरांनीच मला स्वच्छ हातांनी लबाडी करायला शिकवलं होतं.

बैठक सरांच्या खोलीतच झाली, त्या भिंतीसमोर. तळेवाली रबरी बुटांतच आली होती आणि शेवटच्या खुर्चीवर बसली होती. हॅचरीचा व्यवस्थापक पाच मिनिटं बोलला. त्यात 'शाश्वत' हा शब्द नऊ वेळा आला. मग सर उठले. त्यांनी चित्रावरून पट्टी फिरवली, लाखो वर्षं मागे गेले, एकनिष्ठेपाशी आले, डोळे मिटले. जावईबापूंनी "जीव!" म्हटलं. जाड अधिकाऱ्यांनी घाम पुसला.

"तर," सर म्हणाले, "या बाईंच्या माशांवर आहे तो त्यांच्या माशाचाच जुना कृमी आहे. दाटीमुळे वाढला. पट्टेवाल्याच्या कृमीचा काडीचा संबंध नाही."

लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. "सर, हे दोन कृमी वेगळे आहेत ते ओळखता येतं का?"

"एका नजरेत," सर म्हणाले. "आई जुळी मुलं ओळखते तसं."

"सर, स्लाइड तयार आहेत," मी दारातून म्हटलं. "समितीला दाखवायच्या असतील म्हणून मांडून ठेवल्यात."

सर खूश झाले. त्यांना वाटलं, म्हातारी सुधारली. सगळे शेजारच्या खोलीत आले. सर मायक्रोस्कोपवर वाकले, आणि मी एकेक स्लाइड सरकवत गेले.

"हा पट्टेवाल्याचा. लांब आकडा बघा, तलवारीसारखा. पुढचा? हा रुंदतोंड्याचा, आखूड, गरीब. हा पुन्हा रुंदतोंड्याचा. हा पट्टेवाल्याचा, अर्थातच. हा... हा पट्टेवाल्याचा. आणि हा रुंदतोंड्याचा. तीन आणि तीन." ते सरळ उभे राहिले. "शंका?"

"खात्री ना सर?" मी विचारलं. "लिहून घेऊ द्या त्यांना."

"घ्या लिहून," सर म्हणाले. त्या बाईंनी लिहिलं.

मी सहाही स्लाइडींवरच्या कागदी पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात एकच मजकूर होता : रुंदतोंड्या, चौथं तळं, कालची तारीख.

"सहाही एकाच माशाच्या कल्ल्यातले आहेत," मी म्हटलं. "ह्यांच्या माशाच्या. तो मासा अजून बर्फात आहे, बाकीचे कृमी त्याच्या अंगावरच आहेत."

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी तो सावरला. त्यांच्या हुशारीला मी कधी कमी लेखलं नाही.

"असू शकेल," ते म्हणाले. "क्वचित दोन्ही जाती एका माशावर..."

"मग राहतो की तो आमच्या माशात!" तळेवाली मागून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती पुढे आली नाही, जागेवरूनच बोलली.

"साहेब, मी शिकलेली नाही, पण एवढं सांगा. हे जर दोन वेगळे असतील, तर त्यातला पट्टेवाल्याचा माझ्या माशावर आहे, आता तुम्हीच दाखवलात. आणि हे जर वेगळे नसतील, एकच असेल, तर तुमचा हा एकनिष्ठ दोन घरं करून राहिलाय. कसंही घ्या. माझे मासे ह्यानेच मारले."

सरांनी तोंड उघडलं. जावईबापूंनीही उघडलं, सवयीने, पण आज शेवटचा शब्द काय असणार हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते तसंच उघडं राहिलं.

"तांत्रिक बाब आहे," सर शेवटी म्हणाले. "यावर सविस्तर..."

"पत्रात तर अर्ध्या पानात झालं होतं सविस्तर," जाड अधिकारी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी रुमाल खिशात ठेवला.

पुढचं सगळं नेहमी होतं तसंच झालं. खात्याने हॅचरीचं पाणी कालव्यात सोडायला बंदी केली. सरांचं पत्र 'फेरविचारासाठी' मागे घेतलं गेलं. सरांना कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बैठकीच्या कागदावर त्यांचा उल्लेख 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनामुळे सत्य समोर आले' असा होता. माझी बदली भांडारात झाली. तिथे रिकाम्या बाटल्या असतात, आणि कुठली बाटली किती रिकामी आहे याची नोंद ठेवायची असते.

सात महिन्यांनी सरांचा नवा लेख आला. विषय : कृमी यजमान कसे बदलतात. त्यात म्हटलं होतं की लेखकाला पूर्वीपासूनच शंका होती. भिंतीवरचं चित्रही बदललं. आता त्यात चार रेघा तिरक्या होत्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या, तांबड्या शाईने, आणि सर त्या रेघांकडे बघून डोळे मिटत. कृमी हा आता 'प्राणिसृष्टीतला सर्वांत चतुर जीव' झाला होता. दुसरा लेखक जावईबापू. माझे आभार शेवटी होते, मायक्रोस्कोप पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली.

लेख छापून आल्यावर सर भांडारात आले. पहिल्यांदाच.

"बाई, ते मागच्या वर्षांतले... वेगळे सापडलेले कृमी. ज्यांना आपण सुरीचे म्हणायचो. ते फार मोलाचे आहेत आता. कुठे ठेवलेत?"

"पुसले."

"सगळे?"

"तुम्ही चूक म्हणालात. चूक कशाला जपून ठेवायची?"

"निदान नोंद तरी?"

"नोंद नाही."

ते माझ्याकडे असे बघत राहिले जसा काही मीच शास्त्राचा खून केला. आणि खरं म्हणाल तर केलाच होता, त्यांच्या बरोबरीने. अठरा वर्षांचा तो ठेवा असता तर पट्टेवाला येण्याआधीच कुणीतरी शहाण्याने तो रोखला असता. सरांवर हसताना मला ते आठवतं आणि हसू तिथेच अडकतं. पण म्हणून मी त्यांच्यावर हसायचं सोडलं, असं मात्र नाही.

तळेवालीने चार तळी उपसून टाकली, तळाला चुना फासला, उन्हात महिनाभर भेगा पडू दिल्या. मग विहिरीचं पाणी जोडून नवी पिल्लं सोडली. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, एखादा मासा कापून बघायचे. तिला आणि तिच्या दिराला कल्ले कापायला शिकवलं. दीर अजून पंचवीस मिनिटं घेतो. ती एकोणीस.

एके दिवशी मी तिथे असताना सरांची गाडी आली. सोबत जावई आणि एक फोटो काढणारा. नव्या पुस्तकासाठी 'ज्या तळ्यात हा शोध लागला' त्याचा फोटो हवा होता, आणि जमलं तर थोडे नमुने. सर तळ्याकडे चालू लागले तशी ती आडवी आली.

"तिथे कुंड आहे चुन्याच्या पाण्याचं. पाय बुडवल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. बाहेरून काय येईल सांगता येत नाही."

"माझे बूट स्वच्छ आहेत," सर म्हणाले.

"असतील. सुरीसुद्धा स्वच्छच असते."

हे तिला मी कधी सांगितलं होतं मला आठवेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माशाच्या कल्ल्यात मान घातली. शेवटी त्यांनी बूट काढले, मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि जावयाच्या खांद्याला धरून कुंडात उतरले. पाय बारीक होते, पांढरे. फोटोवाल्याने विचारलं, "काढू का?"

"नको," सर म्हणाले.

"काढा," तळेवाली म्हणाली. "आणि जाळं कुठाय तुमचं? तेही बुडवायचं. पंधरा मिनिटं."

सर पंधरा मिनिटं कुंडात उभे राहिले. कुणी त्यांना सांगितलं नाही की पंधरा मिनिटांचा नियम फक्त जाळ्यासाठी होता.